पडद्यावरचे कुटुंब आणि कागदावरचे कुटुंब

(मार्कंडा, तालुका चामोर्शी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्कंड्याच्या मित्रांनी मला बोलाविले होते ते जातीची प्रमाणपत्रे आणि वनहक्काचे दावे या दोन विषयांवर चार शब्द सांगण्यासाठी. वकिलाला खेड्यात बोलावतात ते बहुधा याचसाठी, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु सभा सुरू होण्यापूर्वी तेथील तरुणांनी समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरे कापड लावून एक लहानसा चित्रपट दाखविला. तो संपल्यावर बसलेल्या मंडळींत जी कुजबुज झाली ती ऐकून मी माझी टिपणे खिशात ठेवली आणि त्या चित्रपटावरच बोललो. त्या दिवशी जे बोललो ते, आणि घाईत जे राहून गेले ते, येथे आपल्यापुढे ठेवीत आहे.

मार्कंडा कोठे आहे हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की वैनगंगा येथे उत्तरेकडे वळण घेते, तिच्या काठी जुन्या दगडी देवळांचा समूह आहे आणि महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. आमची सभा यात्रेच्या गर्दीतली नव्हती. धानाची कापणी आटोपली होती, माणसे थोडी निवांत होती, आणि बायका लेकराबाळांना घेऊन आल्या होत्या.

चित्रपट म्हणण्यापेक्षा ती एक जाहिरात आहे, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. सर्दीपडशावर छातीला चोळावयाच्या विक्स नावाच्या मलमाची ही जाहिरात २०१७ साली प्रसिद्ध झाली. दिग्दर्शक नीरज घायवान. सारा खेळ तीन-साडेतीन मिनिटांचा. एक मुलगी वसतिगृहाच्या शाळेत जावयास निघाली आहे आणि वाटेत ती आपल्या आईविषयी सांगत आहे. जन्म देणारी आई वारली. मग दुसरी एक आई भेटली; तिने घरी नेले, जेवू घातले, आजारपणात जवळ बसली. बऱ्याच वेळाने या आईची ओळख आपल्याला पटते आणि कळते की ती तृतीयपंथी आहे. शेवटी मुलगी म्हणते की मी डॉक्टर व्हावे असे आईला वाटते, परंतु मी वकील होणार. कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सर्वांना मूलभूत हक्क आहेत असे लिहिले आहे, मग माझ्या आईलाच ते का नाहीत?

मी वकील, तेव्हा हे ऐकून माझी छाती फुगली असेल, असा आपला समज होईल. खरे सांगावयाचे तर मी ओशाळलो. इतकी वर्षे काळा डगला घालून न्यायालयात जातो, पण कोणा मुलीने माझ्याकडे पाहून असे मनात आणले असेल, अशी मला खात्री नाही.

त्या चित्रपटातली आई ही कोणी नटी नव्हे. त्या गौरी सावंत आहेत आणि त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे. गौरीबाई मूळच्या पुण्याच्या, पोलीस अधिकाऱ्याचे अपत्य. घर सोडून मुंबईस आल्या, आणि २००० साली 'सखी चार चौघी' नावाची संस्था उभी करून आपल्या समाजाच्या आरोग्याचे काम त्यांनी केले. वेश्यावस्तीतील एक बाई एड्सने वारली. तिच्या लहान मुलीला विकून टाकण्याचा घाट घातला जात आहे हे कानी येताच गौरीबाईंनी त्या मुलीला आपल्या घरी आणले आणि वाढविले. हे त्यांनी स्वतः अनेक ठिकाणी सांगितले आहे. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रात आपली सदिच्छादूत नेमले होते.

चित्रपट संपताच मागच्या रांगेतून एक वडीलधारे गृहस्थ उठले. चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस. माझ्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा. ते म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, जमिनीचे पट्टे अडकले आहेत, आणि ही मुले आपल्याला हिजड्यांचे घर दाखवितात. आपला यात संबंध काय?" सभेत थोडा हशा झाला. तो मला रुचला नाही. पण प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये.

संबंध आहे तो प्रतिनिधित्व या एका शब्दाचा. हा शब्द आपल्या समाजाने राजकारणात जितका झिजविला तितका बहुधा दुसऱ्या कोणी झिजविला नसेल. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे मुंबईस साक्ष दिली. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या साक्षीतला एक मुद्दा मला आजही फार मोलाचा वाटतो. आमची मते कोणी तरी भला माणूस मांडील, तेवढ्याने तुमचे समाधान होईना का, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की मताचे प्रतिनिधित्व ही एक गोष्ट आणि माणसाचे प्रतिनिधित्व ही दुसरी. दोन्ही हवीत. अस्पृश्यांची बाजू सवर्ण पुढाऱ्याने कितीही कळकळीने मांडली तरी त्या खुर्चीवर अस्पृश्य बसलेला नसतो, आणि खुर्ची रिकामी राहते. आता हाच न्याय पडद्याला लावून पाहा.

आपल्या झाडीपट्टीला हे नवे नाही. या भागातील दंडारीत स्त्रीपार्ट पुरुषच करीत. रात्रभर लुगडे नेसून पुरुष बाईचे दुःख सांगत असे, आणि प्रेक्षकांत बसलेल्या बाया डोळे पुसत. ते रडणे खोटे नव्हते. त्या कलावंतांची योग्यता कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही; गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला आपल्या घरात काही आल्यासारखा आनंद झाला. पण बाई स्वतः रंगभूमीवर उभी राहिली तेव्हा जे बदलले ते निराळे होते. नाटकातले दुःख तेच राहिले असेल, परंतु बिदागी तिच्या हाती पडू लागली, नाव तिचे छापले जाऊ लागले, आणि 'हे असे होत नाही' असे तालमीत म्हणण्याची सोय तिला झाली. या शेवटच्या सोयीला मी सर्वांत जास्त किंमत देतो.

याच जिल्ह्यातल्या एका वेगळ्या कुटुंबावर मोठा चित्रपट निघालेला आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे - द रिअल हीरो' हा तो चित्रपट २०१४ च्या ऑक्टोबरात आला. दिग्दर्शिका समृद्धी पोरे. त्या स्वतः वकील आहेत, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. नाना पाटेकर व सोनाली कुलकर्णी यांच्या त्यात भूमिका आहेत. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाची आणि तो चालविणाऱ्या डॉक्टर दांपत्याची ती कथा. हे घरही चारचौघांसारखे नव्हे. घरात बिबट्या, अस्वल, हरणे; डॉक्टरांची मुले माडिया मुलांबरोबर एकाच शाळेत शिकली; दोन मुलांबरोबर दत्तक घेतलेली एक मुलगी. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो योग्यच मिळाला. मी त्या दवाखान्यात रुग्णांची रांग पाहिली आहे आणि त्या कामापुढे माझी टीका फार लहान आहे, हे जाणतो.

तरीही एक प्रश्न मनात येतो तो सांगितलाच पाहिजे. त्या चित्रपटात 'वेगळे कुटुंब' कोणाचे? डॉक्टरांचे. शहर सोडून रानात राहिले म्हणून ते वेगळे. माडिया माणसे येतात ती रुग्ण म्हणून, शाळेतली मुले म्हणून. कथा चालते ती डॉक्टरांच्या डोळ्यांनी, आणि डॉक्टरांवरचा चित्रपट असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण माडियांच्या घरात काय आहे? तेथे गोटुल आहे. लग्नाआधी मुलीच्या घरी राबून सासऱ्याची सेवा करणारा जावई गोंडांत आहे. विधवेचा पुनर्विवाह तेथे सुधारकांच्या व्याख्यानाची वाट पाहत बसला नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याच्या दुसऱ्या कलमाने अनुसूचित जमातींना बाहेर ठेवले. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीप्रमाणे चालतात. हे सारे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला किती वेगळे वाटेल! आणि माडियाला ते मुळीच वेगळे वाटत नाही, कारण ते त्याचे घर आहे. वेगळेपणाचा शिक्का मारण्याचा अधिकार कॅमेऱ्यामागे कोण उभा आहे त्याच्याकडे असतो. भामरागडच्या एखाद्या मुलीने कधी आपल्या घरावर चित्रपट काढला, तर त्यात डॉक्टर हे वेगळ्या घरचे पाहुणे म्हणून येतील, आणि तो चित्रपट पाहण्यासाठी मी पैसे मोजीन.

गौरीबाईंच्या आयुष्यावर पुढे २०२३ च्या १५ ऑगस्टला 'ताली' नावाची मालिका आली. दिग्दर्शक रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन, दोघेही आपले मराठी. गौरी सावंत यांची भूमिका सुष्मिता सेन यांनी केली. तेव्हा पुष्कळांनी विचारले, आणि रास्त विचारले, की तृतीयपंथी नट-नट्या काय मेल्या आहेत? सहा वर्षांपूर्वी मलमाच्या जाहिरातीत गौरी सावंत स्वतः उभ्या राहू शकल्या, आणि मोठ्या भांडवलाची मालिका निघाली तेव्हा त्यांच्या जागी विश्वसुंदरी आली! भांडवल लहान तोवर खरा माणूस चालतो, मोठे झाले की नाव लागते, असा याचा अर्थ होतो. नाव लागते हे खरेच. परंतु ज्याला कधी संधीच दिली नाही त्याचे नाव व्हावे कसे?

मी या टीकेशी सहमत आहे. पण येथे एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मला एकदम निकाल देता येत नाही. सुष्मिता सेन यांनी २००० साली, लग्न न करता, एक मुलगी दत्तक घेतली, आणि २०१० साली दुसरी. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात अविवाहित स्त्रीला दत्तक घेता येते. मात्र अकराव्या कलमात अट अशी की घरात मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. बालन्याय कायद्याखाली हे चालते, असे मुंबई उच्च न्यायालयाला २००९ साली एका प्रकरणात स्पष्ट करावे लागले. म्हणजे जी नटी तृतीयपंथी नव्हे म्हणून त्या भूमिकेला परकी, ती कायद्याच्या चौकटीत न बसणारी आई म्हणून मात्र अगदी घरची. माणूस एकाच बाजूने आपला किंवा परका असत नाही. माझे मत असे की भूमिका तृतीयपंथी कलावंतालाच मिळावयास हवी होती. आणि तसे म्हणताना या बाईंचे स्वतःचे घर मी विसरणार नाही.

दिग्दर्शकाविषयीही दोन शब्द. नीरज घायवान यांनी आपण दलित आहोत हे उघडपणे सांगितले आहे. त्या व्यवसायात तसे सांगणारे बोटांवर मोजण्याइतके. आपल्या कामासाठी दलित, बहुजन, आदिवासी सहायक हवेत असे आवाहनही त्यांनी जाहीरपणे केले होते. २०२३ साली 'मेड इन हेवन' या मालिकेच्या एका भागात त्यांनी बौद्ध पद्धतीचा विवाह दाखविला, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक घरांत एकमेकांना फोन करून तो पाहण्यास सांगितले गेले. माझ्या आईने तो भाग दोनदा पाहिला. वधूची भूमिका राधिका आपटे यांनी केली होती. कॅमेऱ्यामागे आपला माणूस आला, पुढे यावयाचा आहे, असे मी आईला म्हणालो. ती म्हणाली, "तू गप बस आणि लग्न पाहू दे." असो.

आता कायद्याकडे येतो, कारण पडद्यावर जे कुटुंब आपण डोळे भरून पाहिले ते कागदावर कोठे आहे, हे सांगणे माझे काम आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि त्यांना सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावे असे सरकारांना सांगितले. त्या लढ्यात गौरी सावंत याही होत्या. पाच वर्षांनी, २०१९ साली, संसदेने त्यांच्यासाठी कायदा केला. त्या कायद्यात कुटुंबाची व्याख्या दिली ती अशी: रक्ताने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकाने नाते असलेल्या माणसांचा समूह. वाचकहो, ही व्याख्या पुन्हा वाचा. ज्यांना रक्ताच्या घराने हाकलून दिले, ज्यांच्या विवाहाचा मार्ग अरुंद, ज्यांना दत्तक घेताना शंभर अडचणी, त्यांच्यासाठी केलेल्या कायद्यात कुटुंब म्हणजे याच तीन गोष्टी! गुरू आणि चेले पिढ्यान्‌पिढ्या एका छताखाली राहतात, एकमेकांची प्रेते उचलतात. ते या व्याख्येत कोठेच नाहीत.

न्यायालयांची भाषा मात्र थोडी पुढे गेली आहे. चंदीगडच्या एका परिचारिकेने नवऱ्याच्या पहिल्या विवाहाच्या मुलांसाठी रजा घेतली होती. स्वतःला मूल झाले तेव्हा तिला प्रसूतिरजा नाकारली गेली. १६ ऑगस्ट २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिची रजा तर दिलीच, शिवाय सांगितले की कुटुंबे अनेक प्रकारची असतात आणि रूढ नमुन्यात न बसणाऱ्या कुटुंबालाही कायद्याचे संरक्षण हवे. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकच मार्ग नव्हे, असे म्हटले. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या खटल्यात घटनापीठाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. आणि अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेऊ न देणारा नियम तीन विरुद्ध दोन मतांनी कायम राहिला. तेव्हा भाषा मोठी आणि रकाना तोच, अशी आजची स्थिती आहे.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी जे उत्तर दिले ते येथे येते. मी त्यांना विचारले, "बाबा, धर्मांतराच्या वेळी तुम्ही किती वर्षांचे होता?" ते म्हणाले, "वडिलांच्या खांद्यावर होतो. चांद्याला." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चांदा, हे आपल्याला पाठ आहे. मी पुढे विचारले, "नंतर शाळेत जात काय लावली?" ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की मोठ्या भावाची महार राहिली, माझी बौद्ध लागली, आणि धाकट्याची मास्तरांनी काय लिहिली ते कोणालाच ठाऊक नाही.

सभा शांत झाली, कारण अशी घरे तेथे अनेक होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती. ती अट शिखांसाठी १९५६ साली सैल झाली. बौद्धांसाठी १९९० उजाडावे लागले. महाराष्ट्राने १९६० पासून राज्याच्या सवलती दिल्या हे खरे, परंतु केंद्राच्या नोकरीत आणि शिष्यवृत्तीत ३४ वर्षे आपण कागदावर नव्हतो. आपण होतो, आपली घरे होती, विहारे होती, आपल्या मुली लग्न करून सासरी जात होत्या. फक्त ज्या रकान्यात आपण स्वतःला लिहू इच्छित होतो तो रकाना नव्हता. एका आईच्या पोटची तीन मुले तीन जातींची झाली! तेव्हा आपल्यालाही कोणी तरी म्हणत होते की देशापुढे इतके मोठे प्रश्न असताना यांच्या रकान्याचे काय घेऊन बसलात. बाबांनी हे ऐकून मान हलविली. माझे म्हणणे त्यांना पटले की त्यांना धाकट्या भावाची आठवण झाली, हे मी विचारले नाही.

सभा संपत आली तेव्हा एक बाई पुढे आली. तिला मी ओळखत होतो, कारण तिचे प्रकरण माझ्याकडेच आहे. तिचे व गावाचे नाव मी देणार नाही. ही बाई बौद्ध, विधवा, रोवणी-कापणीच्या मजुरीवर जगणारी. तिच्या जोडीला रोवणी करणारी एक गोंड बाई होती. ती तापाने गेली. तिचा नवरा मिरची तोडावयास तेलंगणात गेला तो परत आला नाही. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. या बाईने तिला उचलून घरी आणले, आणि आज नऊ वर्षे ती तिला सांभाळीत आहे. हिच्यावर कोणी जाहिरात काढली नाही. मुलगी शाळेत हुशार. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी बाई एका कार्यालयात गेली, तेव्हा तिला विचारण्यात आले की तुम्ही हिच्या कोण, आणि अर्ज तीन वेळा परत आला.

सभेत तिने मला सर्वांसमक्ष विचारले, "वकीलसाहेब, हे पोरगी माही कोन होते, हे कागदावर का लिवू?"

वाचकहो, या साध्या प्रश्नावर माझ्या कपाटातले चार कायदे एकमेकांशी भांडतात. हिंदू दत्तक कायदा बौद्धांना लागू आहे, म्हणून बाईला दत्तक घेता येईल. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे आईबाप मरण पावले असतील किंवा मुलाला टाकून गेले असतील, तर पालक न्यायालयाच्या परवानगीने मूल दत्तक देऊ शकतो, अगदी स्वतःलाही. एवढे वाचून मला वाटले की वाट सापडली. पण मुलगी गोंड, आणि हाही कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. बालन्याय कायदा सर्व धर्मजातींना खुला आहे. पण त्या वाटेने बालकल्याण समितीकडे जावे, तर मुलगी संस्थेत जाईल आणि दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांच्या रांगेत जो आधी उभा आहे त्याला मिळेल, ही भीती. ती अनाठायी आहे असे मी बाईला शपथेवर सांगू शकत नाही. उरला १८९० चा पालक व पाल्य कायदा. इंग्रजी अमदानीतला, पण तो कोणाची जात विचारीत नाही. तो बाईला पालक म्हणेल. आई म्हणणार नाही.

शिवाय जातीचा प्रश्न. जमातीच्या प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे लागतात आणि ते मुलीच्या चुलत्यांच्या घरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका आंतरजातीय विवाहाच्या प्रकरणात सांगितले की मुलाची जात केवळ बापावरून गृहीत धरू नये, ते कोणाच्या घरी आणि कसे वाढले हेही पाहावे. हा निकाल मी बाईला समजावून सांगितला. मला वाटले तिला आनंद होईल. ती म्हणाली की तिची जमात तिचीच राहू द्या, ती तिच्या मायची आठवण आहे, मला ते नको. धर्मांतराचा अर्थ जिला ठाऊक आहे अशी ही बाई, आणि तिने मुलीवर स्वतःचे नावही लादले नाही. प्रतिनिधित्वाविषयी मी सभेत जे तासभर बोललो त्यातले किती तिला नवे होते, कोण जाणे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कागदपत्रांवर आईचे नाव आधी लावण्याचा निर्णय केला, हे तिने कोठे तरी ऐकले होते आणि ती मोठ्या आशेने आली होती. तो १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांना लागू आहे, हे मला तिला सांगावे लागले.

जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज दाखल केला आहे. चुलत्यांनी लेखी कळविले की त्यांची हरकत नाही, आणि जुन्या सातबाऱ्याची नक्कलही त्यांनीच आणून दिली. अर्जात नात्याच्या जागी मी लिहिले, 'अल्पवयीन मुलीच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तिचे पालनपोषण करणारी'. बाईने ते मला वाचून दाखवावयास सांगितले, लक्षपूर्वक ऐकले, आणि म्हणाली, "येवढं लांब कायले? माय लिवा ना." मी तिला कारण सांगितले. ते तिला पटले नाही. अर्जाची पुढील तारीख पडली आहे.

चित्रपट सुरू असताना ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. मंडळी उठू लागली तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि वकील व्हावयास किती वर्षे लागतात, एवढेच तिने विचारले. बारावीनंतर पाच, असे मी सांगितले. ती आता सातवीत आहे. तिने बोटांवर हिशेब केला आणि आईचे बोट धरून निघून गेली.